मशीन पिणार काय?

देशांची नावं मी सांगणार नाही. अमिनाता अजून तिथेच नोकरीला आहे आणि तिला माझ्यामुळे पुन्हा त्रास नको. एक तेल विकणारा देश आणि एक तेल विकत घेता घेता मेटाकुटीला आलेला देश, एवढं तुम्हाला पुरे. एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही, तेव्हा निदान इथे तरी आवरते.

मी स्नेहलता कारखानीस, मूळची साताऱ्याची. आमचे हे, म्हणजे श्रीधर, बहात्तर साली इंजिनियर म्हणून जर्मनीत आले आणि मागोमाग मी. बाड हॉम्बुर्गला एका आपोथेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, काउंटरवर माझा जन्म गेला. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा तनय येनाला असतो, भिंगं बनवणाऱ्या कंपनीत. सून उर्जा, नात इरा. तनयचा फोन रविवारी यायचा. "आई, जेवलीस का? औषधं घेतलीस का? बरं, ठेवू?" ठेव बाबा. मी काय फोन धरून लोंबकळणार होते?

मग माझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. टॅक्सी दारात यायची, सेंटरवर न्यायची, चार-पाच तास मशीनला बांधायचे आणि परत आणून सोडायचे. लोक हळहळायचे. पण खरं सांगू? मला ते दिवस आवडायचे. हाइके सिस्टर माझा दंड धरायची, नस चाचपायची, "हं, फ्राऊ कारखानीस, आज काय म्हणताय?" असं विचारायची. उरलेल्या दिवसांत मला कुणाचा हात लागत नसे. इथे तर दुकानदार सुटे पैसेसुद्धा हातावर देत नाही, बशीत ठेवतो. सुई टोचून घ्यायची वाट बघणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी बघायचे.

दोन हजार आठचा उन्हाळा तो. टॅक्सीवाला दर खेपेला तेलाच्या नावाने बोटं मोडायचा. पेट्रोल दीड युरोच्या वर गेलं होतं. टांकस्टेलवरचा, म्हणजे पेट्रोलपंपावरचा, आकडा बदलला की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू घरात कुणी गेलंय. मी म्हणायचे, "अरे, तू निदान मीटर वाढवून घेशील. मी काय वाढवू?" त्याला हसू यायचं नाही.

अमिनाता त्याच सुमाराला आली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका सरकारी हॉस्पिटलची डॉक्टर, पस्तिशीची, उंच, आणि बोलायला इतकी हळू की कान द्यावा लागे. काही महिने आमच्या सेंटरवर शिकायला होती. तिचं जर्मन तोडकंमोडकं, आणि माझं इंग्रजी दुकानात कमावलेलं, खणखणीत. त्यामुळे ती माझ्याच पलंगाशी स्टूल ओढून बसायची. मला 'आन्टी' म्हणायला लागली. मी म्हटलं, आन्टी कुणालाही म्हणतात, तू मावशी म्हण. ती 'मावशी' इतकं छान म्हणायची की माझ्या नातीनेही कधी 'आजी' तसं म्हटलेलं नाही. इरा मला ओमा म्हणते. असो.

पंधरवड्यात तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलंच तसं. आपण चौकशी केल्याशिवाय राहतो का?

त्यांच्याकडे डायलिसिसची मशीन्स होती, जुनी पण चालती. शहरातली वीज दिवसातून काही तास येई, बाकीचा वेळ हॉस्पिटलचा जनरेटर. जनरेटरला डिझेल लागतं. डिझेलचा भाव चढत गेला तसे सरकारचे हात आखडत गेले. पेशंटला आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यायचं ते दोनदा झालं, मग दोनदाचं एकदा. एकदावर माणूस फार दिवस काढत नाही, हे मला कुणी सांगायला नको. एक शुक्रवार चुकला तर सोमवारपर्यंत मला धाप लागते.

"मध्येच जनरेटर बंद पडला तर?" मी विचारलं.

ती उठली आणि माझ्या मशीनच्या बाजूची एक छोटी कडी, हँडलसारखी, तिने दाखवली. "ही. ही हाताने फिरवायची, म्हणजे बाहेर असलेलं रक्त पेशंटच्या अंगात परत जातं. आमच्या नर्सेसचे दंड बघा एकदा, मावशी."

दोन वर्षं मी त्या मशीनला बांधून घेत होते. ती कडी कुणी फिरवताना सोडाच, कुणी तिला हात लावतानाही मी पाहिलं नव्हतं.

आणि आता गंमत ऐका. तेल विकणाऱ्या त्या देशाचा एक मदतनिधी होता. तेलाचा भाव चढला तशी त्यांची तिजोरी ओसंडून वाहायला लागली, आणि गरीब देश ओरडायला लागले की तुमच्या भावाने आम्ही मेलो. तेव्हा निधीने मदत वाढवली. अमिनाताच्या हॉस्पिटलला काय द्यायचं ठरलं? वीस नवी कोरी डायलिसिस मशीन्स. वर त्यांच्या देशाच्या नावाची पितळी पाटी.

"अगं पण डिझेल?"

"डिझेल ते देत नाहीत. जे दाखवता येतं तेच देतात."

"म्हणजे आहेत त्या म्हशींना वैरण नाही, आणि दारात आणखी वीस बांधणार!"

तिला म्हशी समजावून सांगाव्या लागल्या. मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. पण दात आहेत आणि कुणी वर आणखी कवळी भेट देतंय, याला काय म्हणायचं?

"मग सांग की त्यांना सरळ."

"नाही सांगता येत." तिने दाराकडे पाहून घेतलं. "शेजारच्या देशाच्या माणसाने एका बैठकीत सुनावलं होतं. तुम्ही आमचा खिसा कापता आणि त्यातलीच चिल्लर परत टाकता, असं. निधीने त्या देशाची सगळी मदत थांबवली. आमच्या मंत्र्यांनी मला बजावून पाठवलंय. हसायचं, आभार मानायचे, यायचं."

"आणि मशीन्स आली की?"

"प्लॅस्टिकमध्ये राहतील. आणि पेशंट..." ती उठून माझ्या मशीनवरचे आकडे बघायला लागली.

जुलैत निधीचे साहेब आले. डायलिसिसची मशीन्स बनवणाऱ्या बाड हॉम्बुर्गच्या कंपनीत त्यांचं काम होतं आणि मशीन्स चालू स्थितीत बघायला म्हणून आमच्या सेंटरला भेट ठरली. कुणीतरी पेशंटने दोन शब्द बोलावेत, असं शेफला, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांना वाटलं. इंग्रजी बोलणारी, हसतमुख, वर परदेशी, अशी एकच होती. मी.

आदल्या दिवशी मी घरात येरझारा घातल्या. आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची माणसं बसतात तेव्हा मुलीच्या बाजूला एक फटकळ बाई मुद्दाम बसवलेली असते. माझ्या वेळी वसुधाआत्या होती. मुलाकडचे म्हणाले, आमचं काही मागणं नाही, फक्त लग्न तेवढं पुण्यात करून द्या. वडील गप्प. आत्या फाडकन म्हणाली, "पुण्याच्या कार्यालयाचं भाडं कोण भरणार, तुमचे तीर्थरूप?" लगेच वडील हात जोडून, "अहो, ती तशीच आहे, मनावर घेऊ नका." सगळे हसले. पण भाड्याचा विषय पाटावर येऊन बसला होता, आणि तो आणल्याचं पाप कुणाच्याच माथी नव्हतं. लग्न साताऱ्यात झालं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने सावरायचं. हे ठरवावं लागत नाही, आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी ठरवलं, मी आत्या होणार. अमिनाता सावरेल.

हे तिला सांगायला पाहिजे, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. साताऱ्यातली रीत जगभर चालते, असं वाटण्याइतकी मी मूर्ख.

साहेबांचं नाव हमदान. पन्नाशीचे, अंगात साधा राखाडी सूट, डोळे थकलेले. मला पाहिल्यावर त्यांनी "नमस्ते, अम्मा" म्हटलं. लहानपणी त्यांच्या घरचा ड्रायव्हर रत्नागिरीचा होता म्हणे. खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडला. त्यांच्या मागे शेफ, अमिनाता आणि तिच्या मंत्रालयाचा एक जाडा गृहस्थ, जो खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे पाहून मान डोलवत होता.

"कसं वाटतं या मशीनवर?" हमदानसाहेबांनी विचारलं.

"छान वाटतं," मी म्हटलं. "जिवंत वाटतं. तुम्ही यांना वीस देताय, फार पुण्याचं काम. पण साहेब, मशीन पिणार काय? त्याला डिझेल लागतं, आणि तुमच्या डिझेलचा भाव असा, की यांची आहेत तीच मशीन्स उपाशी उभी आहेत. पेशंट मरताहेत. पाटी कशावर लावणार, थडग्यावर?"

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. आत्याही तेवढं बोलली नसती.

जाड्या गृहस्थाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तशा काळ्या चेहऱ्यावर ते दिसतं हे मला तेव्हा कळलं. हमदानसाहेब माझ्याकडे वळले. शांतपणे बोलले, पण शब्द न् शब्द तोडून.

"भाव आम्ही एकटे ठरवत नाही, बाई. या जर्मनीत पेट्रोलच्या दर लिटरवर सरकार जेवढा कर घेतं, तेवढे पैसे आम्हाला तेलाचे मिळत नाहीत. त्यांना कुणी चोर म्हणत नाही. आम्ही देतो, आणि देऊन शिव्या खातो. प्रत्येक बैठकीत. आता इथेही." ते शेफकडे वळले. "हे यांना कुणी पढवलं?"

तेही खोटं बोलत नव्हते. तीच तर पंचाईत होती. पण मी अमिनाताकडे पाहिलं. आता तुझी पाळी, पोरी. म्हण, त्या तशाच आहेत, मनावर घेऊ नका.

अमिनाता पुढे आली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"माफ करा, सर. या बाईंना गोंधळ होतो. बरेच आठवडे मी पाहतेय. आजारात मेंदूवर परिणाम होतो. मी घरच्या गोष्टी बोलले असेन, त्यांनी कशाचं काय जोडलं. त्या काय बोलतात ते त्यांनाच कळत नाही."

खोलीत एकदम सैल झालं. हमदानसाहेबांनी श्वास सोडला. "बिचाऱ्या," ते म्हणाले, आणि माझ्या पायाला हात लावून पुढच्या पलंगाकडे गेले. जाडा गृहस्थ मान डोलवत मागोमाग.

मी पडून राहिले. हात बांधलेला, उठताही येईना. हाइकेने येऊन माझं ब्लडप्रेशर बघितलं. बघायची वेळ नव्हती, पण तिने बघितलं. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," ती दात ओठ खात म्हणाली. "गोंधळ म्हणे! ती डॉक्टर खोटं बोलली. एका पेशंटबद्दल, तोंडावर. मी हे असं सोडणार नाही." जर्मन माणूस खऱ्याच्या बाजूने उभा राहिला की पहाडासारखा राहतो. मला रडू फुटलं. फटकळ म्हण, आगाऊ म्हण, पण वेडी? जिला मी मावशी म्हणायला शिकवलं, तिने?

पुढच्या खेपेला अमिनाता माझ्या पलंगाशी आली, पण बसली नाही. मीच म्हटलं, "बस. खाऊन टाकणार नाही मी तुला."

बसली आणि मान खाली घालून भराभरा बोलायला लागली. त्या संध्याकाळी हमदानसाहेबांनी तिला बाजूला घेतलं होतं. "ती बाई डिझेलचं काय म्हणत होती?" त्यांनी विचारलं. तिने घाबरत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तू विचारलं असतंस तर मला फाइल मिटावी लागली असती. वेड्या बाईने विचारलं, त्याचं उत्तर देता येतं." निधी डिझेल देऊ शकत नाही, पण मशीन बसवल्यावर चाचणीसाठी जे लागेल ते देऊ शकतो. चाचणी वर्षभर चालली तर कुणी हरकत घेणार नाही. मशीन्स वीसच्या जागी बारा. पहिलं डिझेल लगेच, जुनी मशीन्स चालवून 'वायरिंग तपासण्यासाठी'. सप्टेंबरात सह्या होणार होत्या, आणि जबाबदार डॉक्टर म्हणून सही अमिनाताची.

"म्हणजे आत्या चालली की!" मी ओरडलेच. मग तिला याद्यांची बैठक समजावून सांगितली. ती थक्क होऊन ऐकत राहिली.

"तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, की त्या फटकळ आहेत. वेडी कशाला केलंस मला?"

"मला काही सुचलं नाही, मावशी. मी फार घाबरले होते." आणि मग तिने खरं काय ते सांगितलं. हाइकेने तक्रार केली होती. शेफनी अमिनाताला बोलावून सरळ विचारलं होतं: पेशंटला आठवडेच्या आठवडे गोंधळ होतो तर तू नोंद का केली नाहीस? का पाहुण्यासमोर खोटं बोललीस? खोटं असेल तर शिक्षण आजच बंद, आणि तुझ्या मंत्रालयाला का ते कळवणार. पुढच्या आठवड्यात माझी तपासणी होणार होती. मुलालाही बोलावून घेतलं होतं.

"तुमची तपासणी चांगलीच होणार," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. मी सामान बांधायला लागलेय." तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. एक शब्दही नाही. तिने मागितलं असतं तर कदाचित मी रागावले असते, आणि सोपं गेलं असतं.

तनय आला. येनाहून गाडी चालवत, कामाच्या दिवशी. वडील गेल्यावर कामाच्या दिवशी तो पहिल्यांदा आला. मला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही. "आई, मला फोनवर कळलंच नाही गं काही." कळण्यासारखं काही नव्हतं, बाळा. आणि असतं तरी 'ठेवू का'च्या आधी कुठे बसवलं असतं?

तपासणीच्या खोलीत शेफ, हाइके, तनय आणि खिडकीशी अमिनाता. हाइके माझ्याकडे पाहून हसली. तिला खात्री होती.

मी दुकानात किती म्हातारी गिऱ्हाईकं अशी हळूहळू विझताना पाहिली होती. कोणती गोष्ट आधी जाते आणि कोणती टिकते, मला ठाऊक होतं. सगळंच चुकवलं तर ते नाटक वाटतं. वार बरोबर सांगितला, कारण डायलिसिसचा वार आम्ही मेलो तरी विसरत नाही. महिना चुकवला. साल विचारलं तेव्हा म्हटलं, अठ्ठ्याण्णव. हे जिवंत होते ते साल. ते तोंडातून इतकं सहज आलं की माझं मलाच भय वाटलं.

तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले. लिंबू, किल्ली, चेंडू. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकराला दहा मिनिटं कमी. मी गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने कोंबले. डावीकडे मोकळं मैदान. काटे काढलेच नाहीत. पेन खाली ठेवलं आणि शेफना म्हटलं, "झालं."

"आणि ते तीन शब्द, फ्राऊ कारखानीस?"

"लिंबू," मी म्हटलं. "आणि... लिंबूच ना?"

हाइकेचा चेहरा पडला. त्या पोरीने माझ्यासाठी भांडण घेतलं होतं, आणि मी तिला तोंडघशी पाडलं. तनय उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पोटच्या पोराला मी रडवलं. आणि लाज वाटते सांगायला, पण आत कुठेतरी मला बरंही वाटलं, की हा माझ्यासाठी रडतो अजून. अमिनाता खिडकीतून वळलीच नाही. तिचे खांदे तेवढे हलत होते.

शेफनी अमिनाताची माफी मागितली. नोंद करत जा, एवढंच म्हणाले. सप्टेंबरात सह्या झाल्या.

जायच्या आधी ती माझ्याकडे आली. तिने माझे दोन्ही हात आपल्या गालांवर धरून ठेवले, किती तरी वेळ. "खरं सांगून टाकू का आता त्यांना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खबरदार! डिझेल मिळतंय तोवर मी वेडी. मग बघू."

पण 'मग'ला कोण थांबतं? तनयने सगळं ठरवलं होतं. आईला एकटं ठेवायचं नाही. बाड हॉम्बुर्गचं घर सोडलं, यांची पुस्तकं कुणाकुणाला वाटली, आणि मला येनाला एका हाइममध्ये आणून ठेवलं. वृद्धाश्रम म्हणा. स्वच्छ आहे, गरम आहे, खिडकीतून टेकडी दिसते. डायलिसिसलाही इथूनच नेतात. इथल्या सिस्टर माझ्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलतात. हात धरून नेतात. आता दिवसभर कुणी ना कुणी मला हात लावत असतं. देवाने ऐकलं म्हणायचं.

मी त्यांना सांगून पाहिलं, की मला सगळं समजतं. त्या म्हणतात, "या, या, गेनाऊ." म्हणजे हो हो, अगदी बरोबर. इथे सगळेच तसं म्हणतात. माझ्या शेजारची बाईही तेच म्हणते, आणि ती रोज सकाळी ट्राम पकडायला निघते.

डिसेंबरात अमिनाताचा फोन आला. दिवाळी नाही, ख्रिसमस नाही, असाच. तिकडे मशीन्स पोहोचली होती, पाटी लागली होती. आणि तोवर जगभर मंदी येऊन तेलाचा भाव असा कोसळला, की चौथ्या हिश्श्यावर आला. निधीने कळवलं: आता डिझेल स्वस्त आहे, तुमचं तुम्ही घ्या. आमचीही मिळकत घटली आहे. चाचणी संपली.

"म्हणजे पाच महिनेसुद्धा नाही," मी म्हटलं.

"महागाईचे तेवढेच महिने होते, मावशी. तेवढे निघाले." लाइन खरखरत होती. "जुलैत आमच्या हॉस्पिटलात जे पेशंट होते, ते सगळे आहेत. एक म्हातारेबाबा तेवढे गेले, पण ते हृदयाने. बाकी सगळे आहेत. कालच एकीचं लग्न झालं."

मी फोन ठेवला आणि खोलीत एकटीच हसत सुटले. कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं, इतकं वाटलं, की दाराशीच जाऊन उभी राहिले. रविवार होता. तनय आणि इरा येणारच होते.

ते आले, कोट काढून बसले, आणि मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. आफ्रिकेतली डॉक्टर, तेलवाल्या देशाचा साहेब ज्याचा ड्रायव्हर रत्नागिरीचा, हाताने फिरवायची कडी, वसुधाआत्या, वेडी बाई आणि डिझेल, मुद्दाम चुकवलेलं घड्याळ, आणि आता तिकडे झालेलं लग्न. "आता तेल स्वस्त झालं," मी म्हटलं, "आता मी वेडी नसले तरी चालेल." बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं, हे कसं वाटतंय ते. तरी मी शेवटपर्यंत सांगितलं.

इरा तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तिने बापाकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, "पापा, हे सगळं खरं आहे?"

"नाही गं," तनय हळूच जर्मनमध्येच म्हणाला. "पण ओमाला बोलू दे." आणि त्याने माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.